मॉडेल रेल्वेच्या चाकांचा खडखडाट कमी कसा करावा?

हेडलाइट

नमस्कार मंडळी. एचओ स्केलचा (१:८७) एक लंबगोल लेआउट केलाय, आत एक सायडिंग (बाजूचा रूळ) आणि दोन पॉइंट (गाडी दुसऱ्या रुळावर वळवायच्या जागा). १२ मिमी प्लायवुड, त्यावर थेट फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा) खिळ्यांनी ठोकलाय, खडी अजून टाकलेली नाही. मालगाडीच्या डब्यांची प्लास्टिकची चाकं काढून सगळीकडे धातूची बसवली, गाडी धावते एकदम मख्खन, पण आवाज! रात्री घर शांत झालं की गाडी चालवायला बसावं तर शेजारच्या खोलीतून हाक येते की पुरे आता. इंजिनाचा स्वतःचा आवाज फार नाहीये, मागचे डबे जोडले की जो खडखडाट सुरू होतो तो चाकांचाच असणार असं मला वाटतंय. चाकं परत प्लास्टिकची करू का? तेल घालू का? की खाली काहीतरी अंथरू? ट्रॅक उखडावा लागला तरी चालेल पण एकदाच उखडायचाय, म्हणून आधी विचारतोय. प्रत्येकाने आपापला अनुभव सांगा.

रूळतपासनीस

आधी आवाज कुठून येतोय ते नक्की करा, मग खर्च करा. इंजिन उलटं करून मऊ स्पंजात ठेवा, चाकांना दोन वायरी टेकवून करंट द्या. जो आवाज येईल तो मोटर आणि गिअरचा. मग करंट बंद, एक डबा हाताने ट्रॅकवर ढकला. हा चाकांचा आणि फळीचा मिळून. आणि आता खरी गंमत: गाडी चालू असताना दोन्ही तळवे प्लायवुडवर मधोमध घट्ट दाबून धरा. आवाज उतरला तर फळी गातेय, चाकं नाही.

प्रवासी३

सर्वात स्वस्त उपाय: गाडी यार्डात उभी करा आणि नुसती बघत बसा :)

सुतारपक्षी

रूळतपासनीस यांच्याशी पूर्ण सहमत, आणि मी तर पैज लावून सांगतो की फळीच निघणार. एवढंसं चाक, साडेनऊ-दहा मिलिमीटरचं, ते हवेला असं कितीसं हलवणार? त्याच्यात तेवढा आवाज करायची ताकदच नसते. एक फ्लेक्स ट्रॅकचा सुटा तुकडा घ्या, उशीवर ठेवून डबा ढकला, बारीक सुर्र असं काहीतरी ऐकू येईल. तोच तुकडा टेबलावर दाबून धरा आणि तोच डबा ढकला, खोलीभर आवाज. चाक तेच, रूळ तोच, डबा तोच. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर शेजारच्याला ऐकू येत नाही, खालचा भोपळा ती ऐकवतो, तसं तुमचं १२ मिमी प्लायवुड आहे. मोठं, सपाट, ताठ आणि हलकं, म्हणजे आवाज पसरवायला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे.

त्यामुळे काम दोन ठिकाणी करायचं. एक, रुळाची कंपनं फळीपर्यंत पोचूच द्यायची नाहीत, म्हणजे मध्ये मऊ थर. दोन, पोचलीच तर फळीला थरथरू द्यायचं नाही, म्हणजे खालून आडव्या पट्ट्या मारायच्या, जास्तीत जास्त ३०-४० सेंमी अंतरावर, आणि पट्ट्या सारख्या अंतरावर मारू नका, थोडं कमीजास्त ठेवा म्हणजे सगळे चौकोन एकाच सुरात घुमत नाहीत. ज्या भागात ट्रॅक नाही तिथली फळी कापून टाकता आली तर फारच उत्तम. रुळाखाली फक्त पट्टी आणि बाकी मोकळं अशी चौकट केली की घुमायला फळीच उरत नाही.

आणि ते खिळे! तुमचा एकेक खिळा म्हणजे रुळापासून फळीपर्यंत कंपनांना बांधून दिलेला पूल आहे. खाली किती का महागडा थर घाला, खिळा त्यातून आरपार गेला की मेहनत पाण्यात. खिळ्याने धरून ठेवा, गोंद वाळू द्या, मग सगळे खिळे उपटा.

मृण्मयी

चाकं परत प्लास्टिकची अजिबात करू नका, हात जोडून सांगते. प्लास्टिकच्या चाकांवर धूळ आणि तेलाचा काळा थर चटकन बसतो, तो एकसारखा बसत नाही, गुठळ्या होतात, मग प्रत्येक फेऱ्याला चाक उडतं आणि दोन महिन्यांनी त्याच गाडीचा आवाज धातूच्या चाकांपेक्षा वाईट येतो. वर तो काळा थर रुळांवर पसरतो आणि इंजिन अडखळायला लागतं ते वेगळंच. नवी प्लास्टिकची चाकं शांत असतात हे खरं, पण ती शांतता टिकत नाही.

चाकं साफ करायची सोपी पद्धत: स्वयंपाकघरातला टिश्यू पेपर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून ट्रॅकवर आडवा पसरायचा, डबा त्यावरून पुढे-मागे ढकलायचा. दोन काळ्या समांतर रेघा उमटतात. त्या फिक्या होईपर्यंत कागद सरकवत राहायचं. पॉलिश पेपर मात्र चाकाला लावू नका, त्याचे ओरखडे राहतात आणि घाण त्यातच जाऊन बसते.

छोटीलाईन

+१ मृण्मयीताई. मी एन स्केलवाला (१:१६०, ९ मिमी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आमच्याकडे अजून एक भानगड असते ती एचओवाल्यांनाही लागू आहे. तुमचा ट्रॅक कुठल्या कोडचा आहे? कोड म्हणजे रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, ८३ म्हणजे २.१ आणि ७५ म्हणजे १.९. जुन्या डब्यांच्या चाकांची कड (फ्लँज) एक मिलिमीटरपेक्षाही खोल असते, ती बारीक रुळाच्या आतल्या बाजूला जे प्लास्टिकचे खिळ्यांचे डोके असतात त्यावर आपटते. आवाज कसा तर एकसारखा बारीक टरररर, स्लीपरच्या चालीत. एनएमआरए (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) हिच्या आरपी-२५ या ठरवून दिलेल्या आकाराच्या चाकांची कड साधारण ०.६४ मिमी, ती आपटत नाही. डबा एकदम हळू ढकला आणि कान रुळाला लावा, टकटक प्रत्येक स्लीपरला येतेय की सांध्याला, लगेच कळतं.

गार्डाचा_डबा

मला एक कळत नाही, लोकांना गाडीचा आवाज नकोसा का होतो? धडधड आणि खटखट हीच तर रेल्वे आहे. मी उलट रुळांच्या माथ्यावर करवतीने बारीक खाचा पाडल्यात, खऱ्या रुळांची लांबी धरून. जुने अमेरिकन रूळ ३९ फुटी असायचे, एचओत ते साधारण १३.७ सेंमी होतात, तेवढ्या अंतरावर खाच. दोन बोगींचा (डब्याखालच्या, चाकं बसवलेल्या दोन चौकटींचा) डबा जाताना काय सुरेख ताल येतो, ऐकायला हवं. ज्यांना शांतताच हवीये त्यांनी बोटींची मॉडेलं करावीत.

प्रवासी३

बोटवाले म्हणतील आमच्याकडे पाठवू नका, आमच्या मोटरी अजून ओरडतात.

सुतारपक्षी

गार्डसाहेब, तुम्ही म्हणताय ती खटखट आणि हेडलाइट म्हणतायत तो खडखडाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटखट सांध्याची, तिला ताल असतो. खडखडाट म्हणजे फळीचा सलग घुमणारा आवाज. तुमच्या लेआउटखाली कॉर्क आहे ना? तो काढून बघा, तुमची लाडकी खटखट त्या घुमण्यात बुडून जाईल. म्हणजे खटखट ऐकायची असेल त्यालाही आधी फळी गप्प करावी लागतेच.

गार्डाचा_डबा

कॉर्क आहे, ५ मिमी. मुद्दा मान्य. पण सांधे मात्र कुणी बुजवू नका!

रूळतपासनीस

सांध्याबद्दल थोडं. खाच मुद्दाम पाडलेली असेल तर ठीक, पण दोन रुळांची उंची कमीजास्त असेल तर ती नुसती खटखट राहत नाही, तिथेच गाडी घसरतेही. अंगठ्याचं नख रुळाच्या माथ्यावरून हळू सरकवत न्या. जिथे नख अडतं तिथे चाक आपटतं. बारीक कानसेने माथा आणि आतली कड हलकेच मिळवून घ्या. फ्लेक्स ट्रॅक वळणावर टाकताना दोन लांब्या सरळ असतानाच सोल्डर करून मग वाकवा, म्हणजे सांध्याला कोपरा येत नाही. सगळेच सांधे मात्र सोल्डर करू नका. रूळ तापून वाढतो म्हणून नाही, १ मीटर रूळ १० अंशांनी तापला तरी ०.२ मिमीसुद्धा वाढत नाही. खालचं लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, ते जास्त त्रास देतं.

हेडलाइट

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. रूळतपासनीस, तुमचा तळव्यांचा प्रयोग केला. फळीच्या मधोमध दाबलं की आवाज चक्क निम्मा झाल्यासारखा वाटतो, आणि हात काढला की परत येतो. कडेला दाबलं तर फारसा फरक नाही. खालून हात लावला तर तळव्याला मुंग्या आल्यासारखं जाणवतं. म्हणजे फळीच. ट्रॅक कोड १०० आहे, त्यामुळे छोटीलाईन म्हणतायत तो टरररर नाहीये.

पण एक गोष्ट राहतेच. वळणावर गाडी आली की एक वेगळा आवाज येतो, किरकिर आणि चर्रर्र यांच्या मधला. सरळ भागावर तो नाही. फळी तर दोन्हीकडे तीच आहे.

त्रिज्या

वळणाचा तो आवाज खरोखरच चाकांचा. याचा हिशोब फार मजेदार आहे. एका अॅक्सलवरची दोन्ही चाकं घट्ट बसवलेली असतात, एकाने दुसऱ्यापेक्षा जास्त फिरायचं म्हटलं तर जमत नाही. पण वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. किती लांब? एचओचा गेज १६.५ मिमी, पूर्ण एका वर्तुळात फरक २ × पाय (π) × १६.५, म्हणजे जवळपास १०४ मिमी. आणि हा फरक त्रिज्येवर अवलंबूनच नाही! लहान वर्तुळ असो की मोठं, एक फेरी पूर्ण केली की बाहेरचा रूळ १०४ मिमीने जास्त. साडेनऊ मिमीच्या चाकाचा परीघ साधारण ३० मिमी, म्हणजे प्रत्येक अॅक्सलला एका फेरीत चाकाच्या सव्वातीन-साडेतीन फेऱ्यांइतकं घसरावं लागतं. तुमची चर्रर्र ती हीच घसरण, वर फ्लँज बाहेरच्या रुळावर घासते त्याची भर.

खऱ्या रेल्वेत चाकाचा माथा थोडा निमुळता असतो, वळणावर अॅक्सल बाहेर सरकतो, बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर चालतं आणि आतलं लहान, त्यामुळे बराचसा फरक भरून निघतो. आपल्या चाकांनाही तो उतार असतो, आरपी-२५ मध्ये ३ अंश. पण ४५ सेंमी त्रिज्येच्या वळणावर दोन चाकांच्या व्यासात साधारण ०.३५ मिमी फरक लागेल आणि अॅक्सलला इकडेतिकडे सरकायला जेवढी जागा असते तेवढ्यात त्याच्या पाव भागाइतकासुद्धा मिळणं कठीण. म्हणून घासतंच.

मग त्रिज्या मोठी केल्याने काय होतं? एकूण घसरण तेवढीच राहते, पण ती लांब अंतरावर विभागली जाते, त्यामुळे दर सेंटिमीटरला घासणं कमी आणि फ्लँजचा रुळाशी कोनही कमी. वळणाच्या सुरुवातीला त्रिज्या हळूहळू कमी होत जाईल असं ठेवा, डबा एकदम कलंडल्यासारखा वळत नाही. ट्रॅक उखडणारच असाल तर हे आत्ताच करून घ्या.

मृण्मयी

त्रिज्या, फार सुंदर समजावलंत. वाचनखूण साठवली.

नवखा_फायरमन

मग वळणावर रुळांना थोडं तेल लावलं तर? खऱ्या रेल्वेत पण वळणावर ग्रीस लावतात असं ऐकलंय.

रूळतपासनीस

खऱ्या रेल्वेत लावतात, पण रुळाच्या आतल्या बाजूला, फ्लँज घासते तिथे, माथ्यावर नाही. आपल्या मापात ते वेगळं ठेवणं अशक्य, तेल माथ्यावर पसरणारच. मग इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतं, धूळ चिकटून काळा लगदा होतो आणि करंट जात नाही. नको.

छोटीलाईन

ग्राफाइट मात्र चालतं. मऊ ग्राफाइटची कांडी रुळाच्या आतल्या कडेवर एकदा हलकेच फिरवतो, माझ्याकडे वळणाची किरकिर बरीच कमी झाली आणि करंटही चांगला जातो.

चढणवाला

तुमच्याकडे चढ नसेल म्हणून. माझ्या लेआउटवर ३ टक्के चढ आहे, ग्राफाइट लावल्यावर जे इंजिन आरामात सगळे डबे ओढायचं ते अर्ध्या चढावर बसलं. पुसून काढायला फार वेळ गेला. सपाट लेआउट असेल तरच, आणि तेही अगदी नावापुरतं.

छोटीलाईन

सपाटच आहे. हेडलाइट यांचाही सपाट दिसतोय. पण मुद्दा बरोबर.

मृण्मयी

तेल लावायचंच तर अॅक्सलच्या टोकाला, आणि तेही सगळीकडे नाही. टोकदार अॅक्सल बोगीच्या खोबणीत फिरतात, बोगी अॅसिटलसारख्या प्लास्टिकची असेल तर मुळातच गुळगुळीत असते, तिला काही लागत नाही. चीं चीं येत असेल तर ग्राफाइटची पूड चिमूटभर. ओलं तेल दिलंच तर प्लास्टिकला न खाणारं, आणि सुईच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच. जास्त झालं की ते अॅक्सलवरून चाकावर आणि चाकावरून रुळावर, पुन्हा तीच कथा.

रूळतपासनीस

हेडलाइट, ट्रॅक उखडायच्या आधी चाकंही तपासून घ्या, कारण फळी शांत झाली की जे दोष आत्ता दबलेत ते ऐकू यायला लागतील. प्रत्येक अॅक्सल चिमटीत धरून फिरवा आणि चाकाच्या कडेकडे बघा, डुलतंय का. डुलणारं चाक म्हणजे दर फेरीला एक धक्का. मग दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा. एचओत ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी असेल तर पॉइंटवर चाक आपटतं, जास्त असेल तर वळणावर घासतं. धातूची चाकं बहुतेक एका बाजूने प्लास्टिकच्या बुशवर बसवलेली असतात, हळू पीळ देऊन ओढली की सरकतात. वाकडी ओढू नका, मग डुलायला लागतात.

इंजिनातून ठक… ठक… ठक असा एका तालात आवाज येत असेल आणि वेग वाढवला की तालही वाढत असेल, तर अॅक्सलचा गिअर चिरलेला असण्याची दाट शक्यता. प्लास्टिकचा गिअर धातूच्या अॅक्सलवर दाबून बसवलेला असतो, वर्षानुवर्षांच्या ताणाने त्याला एक केसाएवढी चीर पडते. चिरेपाशी दोन दातांमधली फट रुंदावते, आणि तेवढ्याच ठिकाणी गिअर अडखळतो. भिंगाखाली धरून बघितलं की स्पष्ट दिसते. गोंदाने चिकटवून उपयोग नाही, गिअर बदलायचा.

खोका_लेआउट

माझा अनुभव जरा वेगळा म्हणून लिहितो. माझ्याकडे प्लायवुडच नाही, ५ सेंमी जाड निळा फोम बोर्ड आहे आणि त्यावर तो प्लास्टिकच्या आयत्या बैठकीसकट येणारा ट्रॅक, जो जमिनीवर जोडता येतो. सगळे म्हणाले फोम म्हणजे शांत. कसला शांत! प्लायवुडपेक्षा वाईट. आत सगळी पोकळ बैठक, खाली हलका ताठ फोम. यावर काही उपाय?

सुतारपक्षी

फोम या शब्दाने फसगत होते. तो निळा-गुलाबी बोर्ड उष्णता अडवायला केलेला असतो, आवाज अडवायला नव्हे. तो ताठ आणि अतिशय हलका. आवाज थोपवायला एकतर वजन लागतं किंवा मऊपणा, त्याच्यात दोन्ही नाही. तुम्हाला लवचिक फोम हवा, बोटाने दाबला की दबून सावकाश वर येणारा. योगा मॅटचा २-३ मिमीचा तुकडा किंवा इपीडीएम रबराची शीट ट्रॅकच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त कापून बैठकीखाली चिकटवा. बैठकीच्या पोकळीत कडक काही भरू नका, गोंद किंवा प्लास्टर भरलं की सगळा ट्रॅक आणि बोर्ड एकजीव होतो आणि आवाज वाढतो. मऊ स्पंजाच्या पट्ट्या नुसत्या कोंबल्या तरी पोकळी घुमायची थांबते.

फक्त अति मऊ आणि अति जाड थर घेऊ नका. इंजिन गेलं की ट्रॅक खाली दबतो, वर येतो, सांधे ढिले होतात आणि काही महिन्यांत करंटची बोंब. २ ते ५ मिमी पुरे.

खोका_लेआउट

धन्यवाद! योगा मॅट घरात आहेच, तशीही कुणी वापरत नाही.

त्रिज्या

घरच्यांना विचारून कापा :)

गार्डाचा_डबा

आता माझा एक प्रश्न, तुम्ही सगळे एवढं मनावर घेताय म्हणून. कॉर्क आहे, गाडी छान चालायची, पण खडी टाकून चिकटवल्यावर आवाज वाढला. खटखट आवडते, पण हे त्याच्यापलीकडचं आहे. खऱ्या रेल्वेत तर खडी आवाज कमी करते ना? काँक्रीटच्या सलग पट्टीवर बसवलेल्या रुळांपेक्षा खडीवरची गाडी शांत असते.

सुतारपक्षी

अहो हाच तर सगळ्यांना पडणारा प्रश्न. खऱ्या खडीत दगड सुटे असतात, मध्ये पोकळ्या असतात, आवाज त्यात शिरतो आणि जिरतो. आपण तीच खडी पांढऱ्या सुतारी गोंदात भिजवतो, वाळल्यावर तिचा दगड होतो. स्लीपर, खडी, कॉर्कचा उतार आणि फळी हे सगळं एका कडक कवचात बांधलं जातं, कॉर्कला वळसा घालून कंपनं सरळ खाली. तुम्ही स्वतःच्या हाताने काँक्रीटची पट्टी केलीत म्हणा ना.

दोन गोष्टी करता येतात. एक, गोंद लवचिक राहील असा वापरा, लॅटेक्सवर आधारित पातळ केलेला किंवा मॅट अॅक्रिलिक मीडियम, वाळल्यावर बोटाने दाबला तर थोडा दबतो. दोन, खडी कॉर्कच्या उतारावरच थांबवा, फळीला टेकू देऊ नका. खडीच्या बाहेरच्या कडेला बारीक भेग ठेवली आणि त्यावर सुटी माती-गवत टाकलं तर दिसतही नाही. तुमची खडी आधीच चिकटवलेली आहे, पण पांढरा गोंद कोमट पाण्यात भिजवला की सुटतो. कडेची एक-एक पट्टी मोकळी करून बघा, सगळं उखडायची गरज पडेलच असं नाही.

चढणवाला

सुतारपक्षी यांचं पटलं, फक्त मॅट मीडियमबद्दल सावध. पॉइंटच्या पात्याजवळ गेला तर पातं जाम. तिथे गोंद थेंबाथेंबाने.

पार्सलव्हॅन

कुणी वजनाबद्दल बोललंच नाही. हलके डबे रुळांवर नाचतात आणि त्यांची पोकळ प्लास्टिकची पेटी वरून घुमते. एनएमआरएची शिफारस एचओसाठी अशी आहे: १ औंस अधिक डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. ६ इंची डबा म्हणजे ४ औंस, ११३ ग्रॅम. बाजारातले बरेच डबे याच्यापेक्षा हलके असतात. वजन डब्याच्या तळाशी, आणि सुटं नको, नाहीतर तेच खुळखुळतं. मी दुहेरी फोम टेपवर बसवतो, त्याने तळाची पट्टीही थरथरायची थांबते. डब्याच्या छताला आतून मऊ टेप चिकटवला तरी पोकळ आवाज बराच मरतो. उघड्या वॅगनला मात्र हे जमत नाही, तिथे मालाच्या ढिगाखाली वजन लपवा.

मृण्मयी

वजनाचं खरंय पण जास्त वजनाने वळणावरचं घासणंही वाढतं ना?

पार्सलव्हॅन

हो वाढतं. म्हणून शिफारशीपर्यंतच, त्याच्या पुढे जाऊन काही मिळत नाही, फक्त इंजिन दमतं.

त्रिज्या

हेडलाइट, बदल करणार असाल तर एक विनंती, मोजून करा. फोनवरचं आवाज मोजायचं अॅप खऱ्या डेसिबलसाठी भरवशाचं नसतं पण आधी आणि नंतरचा फरक बघायला पुरतं. फोन एकाच जागी, लेआउटला न टेकवता, एकच गाडी, एकच वेग, पंखा बंद. आणि आकडा किती उतरला तर खूश व्हायचं तेही ठरवून घ्या: एकसारखा आवाज करणारे डबे निम्मे केले तरी आकडा जेमतेम ३ डेसिबलने उतरतो, आणि कानाला 'निम्मा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. त्यामुळे ४-५ डेसिबलचा एकेक उपाय दिसला की तो किरकोळ समजून सोडू नका, ते साठत जातात.

हेडलाइट

परत आलो. सांगितलंत तसं क्रमाने केलं, प्रत्येक टप्प्याला अॅप लावून.

आधी नुसते खिळे उपटले, ट्रॅक प्लायवर मोकळाच. आवाज थोडासाच उतरला, जेमतेम कळण्याइतका. मग फळीखाली दोन आडव्या पट्ट्या आणि एक तिरकी मारली. यानंतर घुमण्याचा जो खालचा ढम्म भाग होता तो गेला, खडखड राहिली. आकडा फार हलला नाही पण शेजारच्या खोलीत जाऊन ऐकलं तर तिथला फरक खूपच मोठा, भिंतीतून जे येत होतं ते बहुतेक तेच होतं. मग ५ मिमी कॉर्क, त्याखाली २ मिमी रबर, दोन्ही लवचिक गोंदाने, ट्रॅकही गोंदानेच, वाळेपर्यंत पुस्तकांची वजनं ठेवली. सर्वात मोठी उडी इथे, एकट्या याच टप्प्याला ८ च्या आसपास डेसिबल. पट्ट्यांच्या आधी हा थर टाकला असता तर कदाचित हाच आकडा वेगळा आला असता, ते कुणी तपासलं तर जरूर सांगा.

वळणांची त्रिज्या जागेमुळे फार वाढवता आली नाही, पण दोन्ही टोकांना हळूहळू वळणारा भाग टाकला. चर्रर्र पूर्ण गेली नाही, आता फक्त वळणाच्या मधल्या भागात येते. दोन डब्यांची चाकं डुलत होती आणि एकाचं अंतर १४.१ निघालं, ती दुरुस्त केली. रूळतपासनीस म्हणाले होते तसंच झालं, फळी गप्प झाल्यावरच तो डुलण्याचा टुक-टुक आवाज पहिल्यांदा वेगळा ऐकू आला.

धातूची चाकं कायम ठेवलीत. खडी आता लॅटेक्सने टाकणार.

सुतारपक्षी

वा! फार नीट काम केलंत. आकडा आणि शेजारची खोली यातला फरक तुम्ही टिपलात ते महत्त्वाचं. खालच्या पट्टीतला आवाज भिंतीतून सहज जातो, वरच्या पट्टीतला खोलीतच अडतो, आणि फोनचा माइक खालच्या पट्टीला तसाही कमी भाव देतो. लेआउटच्या पायांखाली जाड रबराच्या चकत्या घाला, मग जमिनीतून जाणारं उरलेलंही कमी होईल.

गार्डाचा_डबा

खडीच्या कडा मोकळ्या केल्या. घुमणं गेलं, खटखट परत आली, सुतारपक्षी तुमचं बरोबर होतं. खाचा तशाच ठेवल्यात.

नवखा_फायरमन

एक शेवटचं विचारू का, पुलावर काय करायचं? माझ्या लेआउटवर पत्र्याचा गर्डर पूल आहे, तिथे कॉर्क टाकला तर ट्रॅक उचललेला दिसतो, आणि गाडी पुलावर आली की सगळा पूल खणखणतो.

रूळतपासनीस

पुलावर ट्रॅकखाली नको, पुलाच्या टेकूखाली टाका. दोन्ही टोकांना जिथे पूल खांबावर बसतो तिथे १ मिमी रबराचे तुकडे, आणि रूळ पुलाच्या दोन्ही टोकांना कापून घ्या म्हणजे पुलाची थरथर बाहेरच्या ट्रॅकमध्ये जाणार नाही. कापलेल्या जागी करंटची वायर खालून जोडायला विसरू नका. गर्डरच्या आतल्या बाजूला, जिथून दिसत नाही तिथे, ब्युटाइल रबराची चिकट पट्टी दाबून लावा. पत्रा बोटाने वाजवून बघा आधी आणि नंतर.

नवखा_फायरमन

आजच करतो. पट्टी दोन्ही गर्डरला लावायची की एकाला?

रूळतपासनीस

दोन्हीला, आणि पूर्ण लांबीभर नको, मधला एक तृतीयांश भाग पुरे.